मेमरी कार्ड : हातातल्या उपकरणांची वाढीव साठवण

मेमरी कार्ड म्हणजे फ्लॅश चिप (वीज बंद झाली तरी माहिती टिकवणारी) आणि तिचा कारभार पाहणारा नियंत्रक एका पातळ वेष्टनात बसवून तयार केलेले, हवे तेव्हा काढता-घालता येणारे साठवण-साधन. मोबाइल, टॅबलेट, खिशातले संगणक, हातात धरून खेळायचे गेमसंच अशा लहान उपकरणांत मूळची जागा कमी पडली की कार्ड घालून ती वाढवतात. आज सर्वाधिक वापरात असलेले मायक्रोएसडी कार्ड १५ मिमी लांब, ११ मिमी रुंद आणि १ मिमी जाड असते.

कार्ड घातले की फोनची ‘मेमरी वाढते’ असे दुकानात सर्रास सांगतात. त्यातून एक गैरसमज पसरला आहे आणि तो दूर करणे गरजेचे आहे. कार्डाने वाढते ती फोटो, गाणी, फाइली ठेवण्याची जागा. चालू अ‍ॅप ज्यात काम करते ती रॅम वाढत नाही. म्हणूनच अडखळत चालणारा फोन ६४ जीबीचे कार्ड घातल्यावरही तसाच अडखळतो. जुन्या उपकरणांत मात्र कार्डामुळे कामाच्या मेमरीलाही खराखुरा हातभार लागत असे. तो भाग पुढे आला आहे.

खिशातल्या संगणकांचा काळ

कार्डाची गरज मोबाइलच्या आधीची आहे. सायन या कंपनीच्या १९८४ सालच्या ऑर्गनायझर नावाच्या खिशातल्या संगणकात माहिती ‘डेटापॅक’ नावाच्या वड्यांवर जाई. त्यात ईप्रॉम चिप असे आणि ती पुसून पुन्हा वापरायची तर अतिनील प्रकाशाखाली धरावी लागे. १९९१ मध्ये याच ब्रिटिश कंपनीने आणलेल्या सिरीज ३ मध्ये दोन बाजूंना दोन खाचा होत्या. त्यांत बसणाऱ्या फ्लॅश तबकडीवरची फाइल पुसली तरी जागा मोकळी होत नसे. जागा परत हवी तर सगळी तबकडी फॉरमॅट करावी लागे. त्याच वर्षीच्या एचपी ९५एलएक्स या खिशातल्या संगणकात पीसीएमसीआयए नावाच्या मानकाची कार्डे बसत. त्यांतल्या काही कार्डांत साधी रॅम असे आणि आतल्या बटणसेलवर ती जिवंत राही. सेल संपला की मजकूरही गेला.

यांतल्या बहुतेक अडचणींवरचे उत्तर तोवर जपानमध्ये सापडले होते. तोशिबा कंपनीत काम करणाऱ्या फुजिओ मासुओका यांनी १९८४ मध्ये नॉर आणि १९८७ मध्ये नँड प्रकारची फ्लॅश मेमरी जगापुढे मांडली. वीज बंद झाली तरी यात माहिती टिकते आणि ती विजेनेच पुसता येते. नँडची घडण दाटीवाटीची, म्हणून त्याच आकारात जास्त माहिती मावते. आजची सगळी कार्डे नँडचीच आहेत. या चिपांना बाजारात आणणाऱ्या कंपन्यांत सॅनडिस्क महत्त्वाची. १९८८ मध्ये ती स्थापन करणाऱ्या तिघांपैकी एक, संजय मेहरोत्रा, मूळचे कानपूरचे.

पाम कंपनीच्या खिशातल्या संगणकांत सगळा मजकूर रॅममध्येच राहत असे. १९९६ सालच्या पायलट १००० मध्ये ती अवघी १२८ केबी होती. २००१ मध्ये आलेल्या पाम एम५०० आणि एम५०५ यांना एसडी कार्डाची खाच मिळाली, पण कार्डावर ठेवलेला प्रोग्रॅम तिथूनच चालत नसे. तो आधी आतल्या ८ एमबी रॅममध्ये उतरे, तिथे चाले आणि काम झाले की तिथून पुसला जाई. म्हणजे कार्डावर ढीगभर प्रोग्रॅम ठेवता येत, पण एका वेळी चालवायचा प्रोग्रॅम आतल्या मोकळ्या जागेत मावायला हवाच.

मायक्रोसॉफ्टच्या पॉकेट पीसींमधली व्यवस्था याहून वेगळी होती. त्यांतली रॅम दोन भागांत वाटलेली असे: एका भागात फाइली, दुसऱ्यात चालू प्रोग्रॅम. सेटिंगमधली पट्टी सरकवून ही वाटणी वापरणाऱ्याला बदलता येई. फाइली कार्डावर हलवल्या की पहिल्या भागात जागा रिकामी होई आणि ती प्रोग्रॅमांकडे वळवता येई. अशा संगणकात कार्ड घातल्यावर यंत्र खरोखर मोकळेपणाने चाले. कार्ड घातले की फोन जलद होतो ही समजूत कधी काळी खरी होती, ती इथे. शिवाय या यंत्रांची बॅटरी पूर्ण उतरली की रॅममधले पत्ते, टिपणे, सगळे पुसले जाई. त्यामुळे रोजची प्रत कार्डावर काढून ठेवणे हा शहाण्या वापरकर्त्याचा नेम होता. २००५ मध्ये विंडोज मोबाइल ५.० आले, फाइली फ्लॅशमध्ये राहू लागल्या आणि ही वाटणीच संपली.

कामाची मेमरी कार्डावर नेण्याचा सरळ मार्ग म्हणजे स्वॅप. रॅममधला सध्या न लागणारा भाग कार्डावर लिहायचा आणि लागला की परत वाचायचा. नोकिया ७७० या २००५ सालच्या टॅबलेटमध्ये ६४ एमबी रॅम होती. त्याच्या २००६ च्या प्रणालीत कार्डाचा काही भाग आभासी मेमरी म्हणून वापरण्याची सोय सेटिंगमध्येच दिली होती. ती चालू केली की जास्त पाने उघडी ठेवता येत. पण कार्ड रॅमच्या तुलनेत फार मंद. त्यावर पुन्हा पुन्हा लिहिल्याने ते झिजते, आणि चालू यंत्रातून उपसले तर सगळे कोलमडते. सध्याच्या अँड्रॉइड फोनांत ‘वाढीव रॅम’ नावाने मिळते तेही स्वॅपच आहे. फक्त ते फोनच्या आतल्या साठवणीवर चालते, कार्डावर नाही.

आकार आणि प्रकार

१९९४ मध्ये सॅनडिस्कने कॉम्पॅक्टफ्लॅश आणले. नियंत्रक कार्डातच होता आणि संगणकाला ते हार्ड डिस्कसारखेच दिसे. १९९५ मध्ये तोशिबाचे स्मार्टमीडिया आले. ते ०.७६ मिमी इतके पातळ होते, कारण नियंत्रक कार्डात नव्हता, उपकरणात होता. याच कारणाने जुनी उपकरणे नवी मोठी कार्डे ओळखत नसत आणि हा प्रकार १२८ एमबीवरच थांबला. १९९७ मध्ये सीमेन्स आणि सॅनडिस्कचे एमएमसी (मल्टिमीडिया कार्ड) आले, १९९८ मध्ये सोनीची मेमरी स्टिक. सोनीने आपली उपकरणे बराच काळ याच स्टिकला बांधून ठेवली आणि ग्राहकाला महागडे कार्ड घ्यावे लागले.

१९९९ मध्ये पॅनासॉनिक, सॅनडिस्क आणि तोशिबा यांनी एसडी कार्ड जाहीर केले. ३२ × २४ × २.१ मिमी आकाराचे हे कार्ड एमएमसीवरून बेतलेले होते. २००० मध्ये स्थापन झालेल्या एसडी असोसिएशनकडे त्याचे मानक गेले आणि कोणत्याही एका उपकरण-कंपनीची मक्तेदारी राहिली नाही. एसडी टिकले ते यामुळे, असे म्हणायला जागा आहे. फोन लहान होत गेले तसे २००३ मध्ये मिनीएसडी आणि पाठोपाठ मोटोरोलाच्या फोनांसाठी ट्रान्सफ्लॅश आले. तेच २००५ मध्ये मायक्रोएसडी म्हणून मानकात घेतले गेले.

बाहेरून सारख्या दिसणाऱ्या कार्डांच्या क्षमतेच्या पायऱ्या मात्र वेगळ्या आहेत. साधे एसडी २ जीबीपर्यंत, २००६ चे एसडीएचसी ३२ जीबीपर्यंत, २००९ चे एसडीएक्ससी २ टीबीपर्यंत आणि २०१८ चे एसडीयूसी १२८ टीबीपर्यंत. जुन्या फोनला नवी पायरी कळत नाही. ३२ जीबीपर्यंतचीच सोय असलेल्या साध्या फोनात १२८ जीबीचे कार्ड दिसत नाही, त्यात कार्डाचा दोष नसतो. एसडीएचसी कार्डे फॅट३२ या फाइली मांडण्याच्या पद्धतीने फॉरमॅट केलेली असतात आणि त्यांवर ४ जीबीची एकच सलग फाइल बसत नाही. एसडीएक्ससीवरच्या एक्सफॅट पद्धतीत ती अडचण नाही.

‘कार्ड भरून मिळेल’

भारतात कार्ड घरोघरी पोचले ते संगणकामुळे नव्हे, गाण्यांमुळे. नोकिया ६६०० सारख्या फोनमध्ये स्वतःची जागा ६ एमबी आणि बॅटरीखाली एमएमसी कार्ड. पुढे स्वस्त फोनांत मायक्रोएसडी आले आणि महाराष्ट्रात तालुक्याच्या गावी, एसटी स्टँडाजवळ, बाजारपेठेत मोबाइल दुकानांवर ‘मेमरी कार्ड भरून मिळेल’ अशा पाट्या लागल्या. गिऱ्हाईक कार्ड काढून देई आणि दुकानदार कार्ड रीडर लावून संगणकातला फोल्डरच्या फोल्डर त्यात उतरवी. भीमगीते, कोळीगीते, लावण्या, कीर्तने, भारुडे, सिनेमाची गाणी, डीजेचे मिक्स, व्हिडिओ असे मागाल ते मिळे. ज्यांच्या फोनात इंटरनेट नव्हते किंवा परवडत नव्हते त्यांच्यासाठी हीच संगीताची वाट होती. नवे गाणे गावात पसरे ते असे कार्डावरून कार्डावर.

यातले बहुतेक गाणे परवानगीवाचून उतरवलेले असे. गायक-वादकांना त्यातून काही मिळत नसे. स्थानिक कलावंतांना त्याची झळ जास्त बसली. तरीही शेतात, ट्रॅक्टरवर, रिक्षात मराठी लोकसंगीत इतक्या सहज ऐकू येऊ लागले ते या कार्डामुळे, हे मान्य करावेच लागेल. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओने स्वस्त ४जी आणले आणि गाणी थेट इंटरनेटवरून ऐकली जाऊ लागली. कार्ड भरून देण्याचा धंदा त्यानंतर ओसरत गेला.

खाच का नाहीशी होते आहे

२००८ चा पहिला अँड्रॉइड फोन, एचटीसी ड्रीम, कार्डाशिवाय जवळपास निरुपयोगी होता. आत फक्त २५६ एमबी होती. २०१० च्या अँड्रॉइड २.२ मध्ये अ‍ॅपचा काही भाग कार्डावर हलवता येऊ लागला. २०१३ च्या ४.४ मध्ये उलट, अ‍ॅपांना कार्डावर मनमानी लिहिण्यास बंदी आली. २०१५ च्या ६.० मध्ये कार्डाला आतल्या साठवणीचाच भाग करून घेण्याची सोय आली. अशा कार्डावरचा मजकूर कूटबद्ध होतो आणि किल्ली त्या फोनमध्येच राहते. ते कार्ड दुसरीकडे वाचता येत नाही, आणि फोन गेला तर कार्डावरचेही गेले. अनेक कंपन्यांनी ही सोय आपल्या फोनांत बंदच ठेवली.

आयफोनला कार्डाची खाच कधीच नव्हती. सॅमसंगने गॅलेक्सी एस६ मधून ती २०१५ मध्ये काढली, पुढच्या वर्षी एस७ मध्ये परत दिली आणि २०२१ च्या एस२१ पासून पुन्हा काढली. कारणे खरी आहेत: फोनमध्ये कायमची बसवलेली यूएफएस प्रकारची फ्लॅश साठवण कितीतरी वेगवान असते, आणि मंद किंवा बनावट कार्डामुळे फोन बिघडला तरी बोल फोनच्या कंपनीला लागतो. पण जास्त जागेचा फोन जास्त किमतीला विकता येतो, हेही तितकेच खरे. खाच असली की वर्षभराने लागेल तेवढी जागा वेगळी घेता येते, फोन बंद पडला तरी फोटो हाती राहतात आणि पुढच्या फोनात तेच कार्ड घालता येते. खाच काढल्याने ग्राहकाच्या हातून हे सगळे जाते, आणि माझ्या मते हे नुकसान वेगाच्या फायद्याहून मोठे आहे.

गेमसंचांत मात्र कार्ड पुढे चालले आहे. २०२५ च्या निन्टेन्डो स्विच २ मध्ये गेम साठवायला मायक्रोएसडी एक्सप्रेस प्रकारचेच कार्ड लागते. हे कार्ड संगणकातल्या एसएसडीच्या (फ्लॅश चिपांच्या वेगवान डिस्कच्या) पद्धतीने बोलते.

निवड आणि निगा

कार्डावरच्या खुणा वाचता आल्या तर फसगत टळते. वर्तुळातला १० आकडा सेकंदाला किमान १० एमबी लेखनाची हमी देतो, यू३ किंवा व्ही३० ही खूण ३० एमबीची. हा वेग सलग लेखनाचा आहे, म्हणजे व्हिडिओसाठी उपयोगी. अ‍ॅप कार्डावर ठेवायचे असेल तर ए१ किंवा ए२ खूण पाहावी. अ‍ॅप विखुरलेले छोटे तुकडे वाचते-लिहिते, आणि ए१ कार्ड सेकंदाला किमान १५०० वाचने व ५०० लेखने करते. ए२ साठी हे आकडे ४००० आणि २००० आहेत, पण ते गाठायला उपकरणाचीही साथ लागते.

बनावट कार्डे फार आहेत. त्यांचा नियंत्रक खोटी क्षमता सांगतो: आत ८ जीबी, सांगणार १२८ जीबी. पहिले काही दिवस सगळे ठीक चालते. खरी जागा संपल्यावर नव्या फाइली जुन्यांवर लिहिल्या जातात किंवा नुसती नावे उरतात, आणि लग्नाचे फोटो उघडत नाहीत तेव्हा हे कळते. म्हणून नवे कार्ड आणल्याबरोबर एच२टेस्टडब्ल्यू किंवा एफ३ सारख्या मोफत प्रोग्रॅमने पूर्ण भरून तपासावे. ३२ जीबीचे कार्ड २९.८ जीबी दाखवते ती फसवणूक नव्हे. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, काही उपकरणे १०२४ च्या.

फ्लॅशचा प्रत्येक कप्पा ठरावीक वेळाच पुसता येतो. नियंत्रक ही झीज सगळीकडे सारखी वाटतो, तरी जवळजवळ भरलेल्या कार्डावर त्याला वाव कमी मिळतो. म्हणून थोडी जागा मोकळी ठेवावी. कार्ड काढण्यापूर्वी सेटिंगमधून ‘अनमाउंट’ करावे, कारण लेखन चालू असताना ओढले तर फाइलींची यादीच बिघडू शकते. फोन ‘कार्ड फॉरमॅट करा’ असे म्हणाला तर लगेच होकार देऊ नये. यादी बिघडली तरी फोटो बहुधा जागेवर असतात. कार्डावर नवे काही न लिहिता ते संगणकाला लावले, तर फोटोरेकसारख्या मोफत प्रोग्रॅमने बरेच काही परत मिळू शकते. फोनने आतल्या साठवणीत सामावून घेतलेल्या कार्डावर मात्र हा उपाय चालत नाही.