ठाणे शहरातील विद्यापीठीय शिक्षण

ठाणे शहराला स्वतःचे सार्वजनिक विद्यापीठ नाही. येथील पदवी शिक्षण मुंबई विद्यापीठाच्या अधिकारक्षेत्रात येते. रेल्वे स्थानकाच्या परिसरातील जुनी महाविद्यालये, महामार्ग आणि घोडबंदर रस्त्याच्या बाजूने वाढलेल्या नव्या संस्था, आणि बाळकूम येथील विद्यापीठाचा उपपरिसर अशा तीन जागी ते विखुरलेले आहे. विद्यापीठ एखाद्या शहरासाठी जे करते, ते ठाण्यात प्रामुख्याने पहिल्या गटाने, म्हणजे स्थानकापासून चालत जाता येईल अशा अनुदानित महाविद्यालयांनी केले.

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८ जुलै १८५७ रोजी लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर झाली. अभ्यासक्रम ठरवणे, परीक्षा घेणे आणि पदव्या देणे एवढेच त्याचे सुरुवातीचे काम होते. शिकवायचे ते महाविद्यालयांनी. म्हणून ज्या गावात महाविद्यालय नाही, तिथल्या मुलाला विद्यापीठ गाठायला गाव सोडावे लागे. ठाणेकरांना मात्र एक सोय होती. विद्यापीठाच्या चार वर्षे आधी, १६ एप्रिल १८५३ रोजी, बोरीबंदर ते ठाणे ही देशातील पहिली प्रवासी रेल्वे धावली होती. त्यामुळे इथली मुले घरी राहूनच मुंबईत शिकू शकली. आधी दक्षिण मुंबईतील महाविद्यालये, १९३७ नंतर माटुंग्याचे रुईया, पुढे विद्याविहारचे सोमय्या असे त्यांचे ठिकाण एकेक टप्पा जवळ येत गेले. गावात वाचनाची भूक नव्हती असे मुळीच नाही. वि. ल. भावे यांच्या पुढाकाराने मराठी ग्रंथसंग्रहालय येथे १८९३ मध्येच सुरू झाले होते. पदवीचा वर्ग मात्र गावात भरत नव्हता.

हे चित्र पालटले ते १९६९ मध्ये. १९३५ मध्ये स्थापन झालेल्या आणि शाळा चालवणाऱ्या विद्या प्रसारक मंडळाने त्या वर्षी चेंदणी बंदर रोडला, खाडीच्या काठी, बांदोडकर विज्ञान महाविद्यालय आणि जोशी-बेडेकर कला-वाणिज्य महाविद्यालय सुरू केले. डॉ. वा. ना. बेडेकर यांनी हे काम अनेक वर्षे नेटाने पुढे नेले. नंतर याच आवारात विधी महाविद्यालय, व्यवस्थापन संस्था आणि तंत्रनिकेतन आले. ‘ज्ञानद्वीपा’ असे या आवाराचे नाव आहे. पश्चिमेला उतरून चालत कॉलेज गाठता येते. कसारा, कर्जत, बदलापूर, टिटवाळा इथून येणाऱ्या मुलांसाठी ही चाल फार मोलाची आहे. सवलतीच्या पासवर लोकलने यायचे, पुढे बस-रिक्षाचा खर्च नाही, आणि अनुदानित तुकडीत प्रवेश मिळाला तर फी आवाक्यात. मुरबाड-शहापूरकडच्या कितीतरी घरांतला पहिला पदवीधर याच हिशेबावर उभा राहिला. विनाअनुदानित अभ्यासक्रम वाढले तसा हा हिशेब अनेकांसाठी बिघडत गेला, याकडे शहराने पुरेसे लक्ष दिलेले नाही.

जागेचा दुसरा लाभ अभ्यासाला झाला. बांदोडकर महाविद्यालयाच्या मागेच खाडी आणि खारफुटी असल्याने येथील प्राणिशास्त्र आणि वनस्पतिशास्त्राच्या अभ्यासकांनी खाडीतील गाळ, प्रदूषण, मासे, तिवरांची वाढ यांवर दीर्घकाळ काम केले. खाडीच्या मुंबई-ऐरोली बाजूला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झाले आणि २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या, पाणथळ क्षेत्राचा दर्जा मिळाला. त्याच्या कितीतरी आधीपासून ही खाडी बांदोडकरच्या विद्यार्थ्यांची प्रयोगशाळा होती. जिल्हा न्यायालय शहरातच असल्याने विधीच्या विद्यार्थ्यांनाही प्रत्यक्ष कामकाज पाहायला लांब जावे लागत नाही. महाविद्यालयाने आपल्या गावाचाच अभ्यास करावा ही अपेक्षा रास्त आहे, आणि ठाण्यात ती काही अंशी तरी पुरी झाली.

खाडीपलीकडे नवी मुंबईत वेगळा क्रम दिसतो. हे शहर वसवण्यासाठी १७ मार्च १९७० रोजी स्थापन झालेल्या सिडको या सरकारी महामंडळाने नोड, म्हणजे शहराचे नियोजित विभाग, आखतानाच शिक्षणसंस्थांसाठी भूखंड राखले. तेथे मोठी खासगी अभिमत विद्यापीठे उभी राहिली, सार्वजनिक विद्यापीठ नव्हे. २००४ मध्ये ठाणे-वाशी ट्रान्स हार्बर मार्गावर लोकल सुरू झाल्यावर ऐरोली, रबाळे, घणसोलीच्या मुलांनाही ठाण्याची महाविद्यालये जवळची झाली.

एवढे होऊनही सत्तेचे केंद्र मुंबईतच राहिले. पदवी प्रमाणपत्र असो वा पुनर्मूल्यांकन, अडले की कुर्ल्याला उतरून कलिन्याचे परीक्षा भवन गाठायचे, हे ठाणे जिल्ह्यातील विद्यार्थ्यांच्या पाठीला लागलेले काम. सिंधुदुर्गापर्यंत पसरलेल्या विद्यापीठाची मर्यादा २०१७ मध्ये उघड झाली. त्या वर्षी सर्व शाखांच्या उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याची पद्धत एकदम लागू केली गेली आणि ४५ दिवसांत लागायचे निकाल सप्टेंबरपर्यंत रखडले. परदेशी प्रवेश, नोकऱ्या, पदव्युत्तर प्रवेश यांत मुलांचे झालेले नुकसान पुढे कोणी भरून दिले नाही.

बाळकूमचा उपपरिसर २०१४ मध्ये सुरू झाला. येथे विधी आणि व्यवस्थापन या विषयांचे पाच वर्षांचे एकात्मिक अभ्यासक्रम चालवण्यात आले. विद्यापीठ प्रथमच स्वतःच्या नावाने ठाण्यात शिकवू लागले, म्हणून ही घटना महत्त्वाची; पण आसपासच्या जिल्ह्यांना पुरेल असे केंद्र म्हणून तो अजून उभा राहिलेला नाही. स्थानकापासून तो दूर आहे. कापूरबावडीला एकत्र येणाऱ्या मेट्रोच्या ४ आणि ५ क्रमांकांच्या मार्गिका या प्रवासाचे स्वरूप बदलू शकतात.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ हा १ मार्च २०१७ पासून अमलात आला. महाविद्यालयांची स्वायत्तता आणि समूह विद्यापीठ हे दोन मार्ग आता मोकळे आहेत. चेंदणीची विज्ञान आणि कला-वाणिज्य महाविद्यालये स्वायत्त झाली असून आपले अभ्यासक्रम आणि परीक्षा स्वतः ठरवतात. पदवी मात्र मुंबई विद्यापीठाचीच असते. समूह विद्यापीठाचा मार्ग दक्षिण मुंबईने आधी धरला : डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठ २०१९ मध्ये आणि एचएसएनसी विद्यापीठ २०२० मध्ये तेथील जुन्या महाविद्यालयांना एकत्र आणून स्थापन झाले. विज्ञान, कला, वाणिज्य, विधी आणि व्यवस्थापन एकाच आवारात आणि तेही स्थानकाच्या जवळ, ही ठाण्याची जमेची बाजू आहे. असे विद्यापीठ येथे व्हायचे असेल, तर अनुदानित जागा आणि फी यांना हात लागणार नाही, ही अट आरंभीच लेखी घातली गेली पाहिजे.