एरल मॉरिसन आणि जमैकाचा वेगळा मधुमेह

जमैकात मधुमेहाचा विषय निघाला की प्रा. एरल मॉरिसन यांचं नाव येतंच. त्यांच्या कामाची मुळं मात्र १९५५ सालच्या एका कोड्यात आहेत. किंग्स्टनजवळ मोना इथे, पूर्वीच्या ऊसमळ्याच्या जागेवर, १९४८ मध्ये वेस्ट इंडीजचं युनिव्हर्सिटी कॉलेज सुरू झालं. १९५५ मध्ये तिथले डॉक्टर फिलिप ह्यू-जोन्स यांना जमैकातल्या २१५ मधुमेहींची पाहणी करताना १३ जण असे आढळले, जे कुठल्याच ठरलेल्या प्रकारात बसेनात. वय कमी, अंगकाठी हडकुळी, इन्सुलिन भरपूर लागायचं. तरीही रक्तात कीटोन, म्हणजे इन्सुलिन कमी पडल्यावर चरबी जळून तयार होणारी आम्लं, साचत नव्हते. जमैकाच्या आद्याक्षरावरून त्यांनी या प्रकाराला ‘जे’ म्हटलं.

पुढे हेच कॉलेज विद्यापीठ झालं. तिथे जीवरसायन आणि अंतःस्रावी विकारांचे प्राध्यापक झालेल्या मॉरिसन यांनी हा धागा उचलला. त्यांच्या काही रुग्णांना आज इन्सुलिनवाचून चालत नसे, काही काळाने त्याची गरजच उरत नसे, आणि मग पुन्हा सुई सुरू करावी लागे. १९८१ मध्ये त्यांनी याला मधुमेहाचा तिसरा प्रकार म्हणून मांडलं. मला हे त्यांचं मोठं धाडस वाटतं. पुस्तकातल्या वर्गीकरणापेक्षा समोरच्या पेशंटवर त्यांनी जास्त विश्वास ठेवला. १९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या फ्लॅटबुश भागात, जिथे कॅरिबियन वस्ती मोठी आहे, तिथल्या डॉक्टरांनीही इन्सुलिनची गरज अशीच येत-जात असलेल्या रुग्णांची नोंद केली.

हडकुळ्या रुग्णांचा ‘जे’ प्रकार पुढे कुपोषणाशी निगडित मधुमेहात धरला गेला, आणि त्या मधुमेहाची कहाणी तर आपल्याकडेही येऊन पोहोचते. जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ मध्ये त्याला स्वतंत्र गट दिला आणि १९९९ मध्ये काढूनही टाकला. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधल्या रुग्णांवरचं संशोधन २०२२ मध्ये आलं, आणि २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने त्याला ‘टाइप ५’ म्हणून मान्यता दिली.

मॉरिसन मात्र प्रयोगशाळेत अडकून राहिले नाहीत. डॉक्टर नसलेल्या साध्या माणसांना प्रशिक्षण देऊन त्यांच्यामार्फत वस्तीतल्या मधुमेहींपर्यंत पोहोचण्याच्या उपक्रमाला त्यांनी बळ दिलं. पथ्य सांगायचं तर रोजच्या ताटातलंच सांगायला हवं, म्हणून सहकाऱ्यांसोबत त्यांनी याम नावाचा कंद, रताळी अशा स्थानिक पदार्थांनी रक्तातली साखर किती चढते हेही मोजलं. २००६ च्या त्या अभ्यासात दिसलं, की तेच रताळं भाजून खाल्लं तर साखर जास्त चढते, उकडून खाल्लं तर कमी.