सूफ्रिएर १९७६: वाफ की शिलारस?

कॅरिबियन समुद्रातल्या ग्वादलूप या फ्रेंच प्रदेशातल्या बास-तेर बेटावरच्या ला सूफ्रिएर ज्वालामुखीची उंची १४६७ मीटर. नाव गंधकावरून पडलेलं, त्यामुळे घोळही होतो: २०२१ च्या एप्रिलमध्ये उसळला तो याच नावाचा सेंट व्हिन्सेंट बेटावरचा ज्वालामुखी, हा नव्हे.

या डोंगरातून शिलारस शेवटचा वर आला तो साधारण १५३० च्या सुमारास. माथ्यावरचा आजचा खडकाचा घुमट तेव्हाचा. त्यानंतर १७९७, १८३६, १९५६ असे जे उद्रेक झाले ते वाफेचे. खालच्या उष्णतेने भूजलाची वाफ होते, दाब असह्य झाला की ती जुनाच खडक फोडून बाहेर पडते. नवा शिलारस पृष्ठभागावर येतच नाही. मात्र शिलारस वर सरकतानाही सुरुवात अशीच होऊ शकते. १९७६ चा सगळा वाद या एका मुद्द्यावर पेटला.

८ जुलै १९७६ ला पहिला स्फोट झाला. राख पडत राहिली, भूकंपही वाढत गेले. त्या राखेत ताजी काच सापडल्याचं काही शास्त्रज्ञांनी सांगितलं. ताजी काच म्हणजे शिलारस नुकताच थंड झाल्याची खूण. शेजारच्या मार्तिनिक बेटावर ८ मे १९०२ रोजी पेले ज्वालामुखीच्या तप्त ढगाने सेंट-पिएर शहर काही मिनिटांत संपवलं होतं, सुमारे २८ हजार माणसं गेली होती. ती आठवण ताजी असताना १५ ऑगस्टला प्रशासनाने सुमारे ७३ हजार लोकांना घरं सोडायला लावली.

दुसरा गट ठाम होता: ही निव्वळ वाफ आहे, जीवघेणा मोठा उद्रेक होणार नाही. भांडण थेट वर्तमानपत्रांत गेलं. ३० ऑगस्टला याच गटाचा म्होरक्या माथ्यावर असताना स्फोट झाला आणि तो दगडांच्या वर्षावात सापडून कसाबसा वाचला. तरी त्याचं निदान चुकलं नव्हतं. पुढे कण पुन्हा तपासले, तेव्हा ती ताजी काच नव्हतीच. नोव्हेंबरमध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या बैठकीने धोका ओसरल्याचा कौल दिला आणि लोक टप्प्याटप्प्याने परतू लागले. मार्च १९७७ मध्ये स्फोट थांबले. उद्रेकात कुणी मेलं नाही, पण महिनोन्‌महिने शेती आणि व्यापार ठप्प झाला, आणि बरेच जण परतलेच नाहीत.

‘उगाच पळवलं’ हे त्यानंतर ऐकू येणारं वाक्य मात्र अर्धंच खरं आहे. काचेचं निदान चुकलं. पण हाती असलेल्या माहितीवर त्या ऑगस्टमध्ये गावं भरलेली ठेवणं हा जुगारच ठरला असता. कोलंबियात १९८५ साली नेवादो देल रुइस ज्वालामुखीपाशी लोकांना वेळेत हलवलं नाही, आणि चिखलाच्या लोंढ्यात सुमारे २३ हजार मेले.

सूफ्रिएर १९९२ पासून पुन्हा कुरकुरतोय. १९९८ पासून माथ्यावरून आम्लयुक्त वायू निघतात; २७ एप्रिल २०१८ ला ४.१ तीव्रतेचा धक्का बसला, १९७६ नंतरचा सर्वांत मोठा. धोका एकट्या स्फोटाचा नाही. गरम आम्लाने आतून पोखरलेली डोंगराची कड सुमारे ३१०० वर्षांपूर्वी कोसळली होती, आणि बास-तेर शहर त्याच उताराच्या पायथ्याशी आहे.