परागनलिका

परागकण कुक्षीवर, म्हणजे स्त्रीकेसराच्या टोकावर, रुजल्यावर त्यातून निघणारी आणि दोन पुंयुग्मकांना (नर प्रजननपेशींना) बीजांडापर्यंत, म्हणजे ज्याचे पुढे बी होते त्या भागापर्यंत, पोहोचवणारी सूक्ष्म नळी म्हणजे परागनलिका. नेच्यांच्या पुंयुग्मकांना कशाभिका, म्हणजे पोहण्यासाठी चाबकासारखे धागे, असतात; पाण्याच्या पातळ थरातून ते अंडपेशीपर्यंत पोहत जातात. फुले नसलेल्या सायकस या बीजधारी झाडातही कशाभिका टिकून आहेत. फुलझाडांच्या पुंयुग्मकांना मात्र हालचालीचे कोणतेही साधन नाही, त्यांना कोणीतरी न्यावेच लागते.

‘नलिका’ हे नाव थोडे फसवे आहे. नळी म्हटले की आयती, पोकळ वस्तू डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात ही एकच जिवंत पेशी असते, फक्त टोकाकडून वाढणारी, आणि तिच्या पोटात पुंयुग्मकांच्या दोन छोट्या पेशी असतात. आतला दाब मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या दाबाच्या आसपास जाऊ शकतो. एवढा दाब सांभाळत, न फुटता लांब होत जायचे आणि नेमक्या जागी पोहोचल्यावर फुटायचे, हे तिचे काम. झाडाला बी धरणे वा न धरणे बऱ्याच अंशी या दोन गोष्टींवर ठरते.

ही नलिका प्रथम दिसली ती घोळीच्या फुलात. इटालियन सूक्ष्मदर्शकतज्ज्ञ जोव्हान्नी बात्तिस्ता आमिची घोळीच्या कुक्षीवरील केसांत पेशीरस कसा फिरतो ते पाहत होते. केसाला चिकटलेल्या एका परागकणातून अचानक पारदर्शक नळी बाहेर आली. हे निरीक्षण त्यांनी १८२४ साली प्रसिद्ध केले. आपल्याकडे पावसाळ्यात बांधावर उगवते आणि डाळ घालून जिची भाजी करतात, तीच ही घोळ. पुढे १८९८ मध्ये रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ सेर्गेई नवाशिन यांनी लिली व तिच्या कुळातील एका वनस्पतीत द्विफलन दाखवले. एका पुंयुग्मकाचा अंडपेशीशी संयोग होऊन भ्रूण तयार होतो. दुसरा मध्यवर्ती पेशीला मिळतो आणि त्यातून भ्रूणपोष बनतो. ज्वारी, तांदूळ, गहू यांच्या दाण्यात आपण खातो तो मुख्यतः हा भ्रूणपोष.

बारावीच्या जीवशास्त्राच्या प्रात्यक्षिकात तेरडा किंवा सदाफुलीचे पराग साखरेच्या सुमारे १० टक्के द्रावणात टाकतात. अर्ध्या तासाच्या आत नळ्या दिसू लागतात. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात. त्याचे पराग तेवढाही धीर धरत नाहीत. या प्रयोगात एक गमतीची गोष्ट वारंवार दिसते. दाटीवाटीने पडलेले पराग भराभर रुजतात, एकटादुकटा पडलेला कण तसाच राहतो. ब्रूबेकर आणि क्वॅक यांनी १९६३ साली याचे कारण कॅल्शियममध्ये शोधले. गर्दीतले कण एकमेकांना कॅल्शियम पुरवतात, आणि द्रावणात कॅल्शियम घातले की एकटा कणही रुजतो. साखर, बोरिक आम्ल आणि कॅल्शियम, मॅग्नेशियम व पोटॅशियमचे क्षार असलेले त्यांचे द्रावण प्रयोगशाळांत आजही वापरतात.

कॅल्शियमचे काम दोन ठिकाणी चालते, पेशीभित्तीत आणि पेशीच्या आत. टोकाची भित्ती प्रामुख्याने पेक्टिनची, म्हणजे फळांतही असणाऱ्या चिकट पदार्थाची, असते. ताजे पेक्टिन मिथाइल गटांनी झाकलेले, म्हणून मऊ असते. टोक पुढे सरकले की मागे राहिलेल्या भागातले हे गट एक विकर (रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन) काढून टाकते. मोकळ्या झालेल्या जागी कॅल्शियम बसून पेक्टिनचे धागे एकमेकांना जखडतो. कमी साखरेचा जॅम कॅल्शियम घालून घट्ट करतात त्यातलेच हे रसायन. त्यामुळे टोक मऊ आणि बाजू टणक राहतात, आणि आतला दाब नळीला रुंद न करता लांब करतो. बोरॉनही पेक्टिनचेच धागे सांधतो. परागकणात बोरॉन जेमतेम असतो, बराचसा कुक्षी व तिच्याखालच्या देठाकडून, म्हणजे कुक्षीवृंताकडून, मिळतो. फुलोऱ्याच्या वेळी शेतकरी बोरॉनची फवारणी करतात त्यामागचे एक कारण हे आहे.

पेशीच्या आत, अगदी टोकाशी, कॅल्शियमचे प्रमाण मागच्या भागापेक्षा कितीतरी पट जास्त असते. ते स्थिर नसते. लिलीच्या नलिकेत साधारण १५ ते ६० सेकंदांच्या लयीत ते वरखाली होते आणि वाढीचा वेगही तसाच हेलकावे घेतो. भित्तीचे साहित्य भरलेल्या पुटिका (सूक्ष्म पिशव्या) ॲक्टिन या प्रथिनाच्या तंतूंवरून कडेकडेने टोकाकडे जातात आणि उरलेला पेशीरस मधून मागे वळतो. संशोधक याला उलटे कारंजे म्हणतात. नळी लांबली तरी जिवंत पेशीरस वाढत नाही, तो टोकाच्या बाजूलाच राहतो. रिकामा झालेला मागचा भाग कॅलोज या भित्तीद्रव्याच्या बुचांनी बंद केला जातो. मक्याचे केस तीस सेंटिमीटरपर्यंत लांब असू शकतात आणि ताशी सुमारे एक सेंटिमीटर वाढणारी नलिका ते अंतर साधारण एका दिवसात कापते.

वाट दाखवण्याचे काम फुलाकडे असते. अंडपेशीच्या शेजारच्या दोन सहायक पेशी आकर्षक द्रव्ये सोडतात हे जपानी संशोधक तेत्सुया हिगाशियामा यांच्या गटाने टोरेनिया या फुलझाडात दाखवले. टोरेनियाचा भ्रूणकोष, म्हणजे अंडपेशी व तिच्या शेजारच्या पेशी असलेली पिशवी, बीजांडाबाहेर डोकावतो, म्हणून त्यातली एकेक पेशी लेसरने मारून परिणाम पाहता येतो. सहायक पेशी मेल्या की नलिका वाट चुकत. २००९ मध्ये ही द्रव्ये हाती आली. ती छोटी प्रथिने आहेत आणि त्यांना ‘ल्युअर’, म्हणजे आमिष, असे नाव मिळाले.

यानंतरचे फुटणे ही या विषयातली सर्वांत विलक्षण गोष्ट आहे. नलिकेच्या टोकावर ‘ॲन्क्सूर’ नावाची ग्राही, म्हणजे बाहेरचे संदेश टिपणारी, प्रथिने असतात. ती निकामी झाली तर नलिका रुजल्या रुजल्या फुटते आणि पुंयुग्मक वाटेतच सांडतात. सहायक पेशींवर ‘फेरोनिया’ हे ग्राही प्रथिन असते. ते नसेल तर उलट घडते. नलिका भ्रूणकोषात शिरते, पण फुटत नाही, आत वेटोळी घालत वाढतच राहते आणि फलन होत नाही. फेरोनिया ही प्राचीन इटलीतील सुफलतेची देवता आणि ॲन्क्सूर तिचा जोडीदार. पेशीशास्त्रातल्या बहुतेक नावांना रुक्ष आद्याक्षरे लाभतात. ही जोडी नशीबवान. पुंयुग्मक बाहेर पडल्यावर संयोगासाठी ‘हॅप-२’ हे प्रथिन लागते. तेच प्रथिन हिवतापाच्या परजीवीच्या युग्मकांतही आढळते. एखादी नलिका नापास झाली, तर उरलेली दुसरी सहायक पेशी आणखी एकीला बोलावू शकते.

प्रत्येक परागाला हा प्रवास करू दिला जात नाही. मोहरीच्या कुळातल्या अनेक वनस्पतींत स्वतःचा पराग कुक्षीवरच अडवला जातो. तंबाखूच्या काही जातभाईंत आणि सफरचंदात अशा परागाची नलिका कुक्षीवृंतात शिरते, पण तिथले एक विकर तिच्यातले आरएनए तोडते आणि ती अर्ध्या वाटेत थांबते. उष्णता तर कोणालाच सोडत नाही. फुलोऱ्याच्या वेळी तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या वर गेले, की भाताचे परागकोश, म्हणजे पराग असलेल्या पिशव्या, नीट उघडत नाहीत, पराग कमी रुजतात आणि लोंब्या पोचट राहतात.

प्रयोगशाळेत हा प्रवास टाळूनही पाहिला गेला. पंचानन माहेश्वरी आणि दिल्ली विद्यापीठातील त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ साली अफूची उघडी बीजांडे आणि पराग परीक्षानळीत शेजारी ठेवून फलन घडवले. कुक्षी आणि कुक्षीवृंत दोन्ही गाळले, नलिका मात्र गाळता आली नाही. दोन वर्षांनी तिथेच शिप्रा गुहा आणि सतीशचंद्र माहेश्वरी यांना धोत्र्याच्या परागकोशांत नलिकेऐवजी थेट भ्रूण तयार झालेले आढळले.

नलिका किती पोहोचल्या हे नुसत्या डोळ्यांनी मोजायचे असेल तर सीताफळ घ्यावे. त्याचा प्रत्येक डोळा म्हणजे एक स्वतंत्र स्त्रीकेसर, त्यात एकच बीजांड. या फुलात कुक्षी आधी तयार होते आणि पराग नंतर सुटतो, म्हणून परागण बऱ्याचदा अपुरे राहते; काही बागाईतदार त्यासाठी ब्रशने पराग लावतात. जिथे नलिका पोहोचली नाही तो डोळा फुगत नाही आणि फळ त्या बाजूला वाकडे होते.