माउंटन बाइक : जुनी २६ इंची आणि आधुनिक मोठ्या चाकांची

माउंटन बाइक म्हणजे कच्च्या, चढउतारांच्या आणि दगडधोंड्यांच्या वाटांसाठी बांधलेली, जाड टायरची व गिअरची सायकल. १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून २०१०च्या आसपासपर्यंत तिचे चाक जवळजवळ सर्वत्र २६ इंची होते. त्यानंतर थोड्याच वर्षांत २९ आणि २७.५ इंची चाकांनी त्याची जागा घेतली. १९८० व १९९०च्या दशकांतील २६ इंची सायकलींना आता ‘रेट्रो’ म्हटले जाते. या दोन पिढ्यांची तुलना बहुधा चाकाच्या आकारापाशीच थांबते आणि तिथेच ती चुकते, कारण ज्या गुणांचे श्रेय मोठ्या चाकाला दिले जाते त्यांपैकी बरेच गुण फ्रेमच्या बदललेल्या कोनांचे, रुंद टायरांचे आणि डिस्क ब्रेकचे आहेत. गोव्यात एकाच फेरीत जांभ्याचा सडा, खाजन शेतीचा (खाडीकाठच्या, भरतीच्या पाण्यापासून बांधांनी राखलेल्या सखल शेतीचा) बांध आणि घाटाची चढण लागू शकते, त्यामुळे हा भेद तिथे चांगला पारखता येतो.

२६ इंची आकार मुद्दाम विचार करून निवडलेला नव्हता. अमेरिकेत श्विन कंपनीने १९३३ साली फुगीर टायरची सायकल बाजारात आणली आणि तो आकार तिथल्या साध्या सायकलींत रूढ झाला. कॅलिफोर्नियातील मरीन परगण्यातल्या तरुणांनी १९७०च्या दशकात याच जुन्या, वजनदार सायकली डोंगरउतारांवर पळवल्या. ‘रीपॅक’ या उतारावरची पहिली शर्यत २१ ऑक्टोबर १९७६ रोजी झाली. उतरताना मागच्या हबमधला (चाकाच्या मध्यभागच्या तुंब्यातला) ब्रेक इतका तापे की आतले ग्रीस जळून जाई आणि प्रत्येक फेरीनंतर हब उघडून ते नव्याने भरावे लागे. जो ब्रीझ याने १९७७ साली खास या कामासाठी फ्रेम बांधायला घेतली, तेव्हा जाड टायर २६ इंचांतच मिळत असल्याने चाकही तेच राहिले. १९८१ साली स्पेशलाइज्ड या कंपनीची स्टंपजंपर ही सायकल मोठ्या प्रमाणावर विकली जाऊ लागल्यावर हा आकार पक्का झाला. १९९० साली ड्युरँगो येथे पहिली अधिकृत जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली आणि १९९६च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये या खेळाचा समावेश झाला, त्या सर्व काळात २६ इंचांना खरा प्रतिस्पर्धी नव्हता.

इंचांतली ही नावे फसवी आहेत. टायर रिमवर जिथे बसतो तो व्यास २६ इंची चाकात ५५९, २७.५ इंचीत ५८४ आणि २९ इंचीत ६२२ मिलिमीटर असतो. गोव्याच्या वाचकाला इथे एक गोष्ट आश्चर्याची वाटेल : सकाळी मागे पावांची टोपली बांधून, पों पों भोंगा वाजवत दारी येणाऱ्या पोदेराच्या जुन्या धाटणीच्या काळ्या सायकलीला जी २८ बाय दीड इंची चाके असतात, त्यांचा हा व्यास ६३५ मिलिमीटर, म्हणजे ‘आधुनिक मोठ्या’ चाकापेक्षाही जास्त आहे. कच्च्या रस्त्यावर मोठे चाक बरे पडते, हे आपल्याकडच्या सायकलीत फार आधीपासून होते. कमी होती ती मोठ्या रिमवर बसणाऱ्या जाड टायरची. असा टायर वाइल्डरनेस ट्रेल बाइक्स या कंपनीने १९९९ साली ‘नॅनोरॅप्टर’ या नावाने आणला आणि २९ इंची माउंटन बाइक शक्य झाली. २०१२ साली स्वित्झर्लंडचा सायकलपटू निनो शुर्टर याने २७.५ इंची चाकांवर पीटरमॅरिट्झबर्गची विश्वचषक शर्यत जिंकली. त्याच वर्षी लंडन ऑलिंपिकमध्ये २९ इंची सायकलवरच्या चेक प्रजासत्ताकाच्या यारोस्लाव्ह कुल्हावीने त्याला अगदी थोडक्यात मागे टाकून सुवर्णपदक मिळवले. त्यानंतर शर्यतींतून २६ इंची चाक झपाट्याने मागे पडले.

मोठ्या चाकाचा मुख्य लाभ अडथळा ओलांडताना दिसतो. टायरसह २६ इंची चाकाची त्रिज्या सुमारे ३३० आणि २९ इंचीची सुमारे ३६७ मिलिमीटर धरली, तर १०० मिलिमीटर उंचीच्या दगडाला पहिले चाक साधारण ४६ अंशांच्या आणि दुसरे ४३ अंशांच्या कोनात भिडते. एका दगडापुरता हा फरक किरकोळच आहे. पण पेडणे ते वेर्णे अशा कुठल्याही सड्यावर जांभ्याच्या कठीण कवचात वितीवितीवर खळगे आणि सुटे खडे असतात, आणि प्रत्येक धक्क्याला थोडा थोडा वेग गळत जातो. तिथे मोठे चाक खळग्यात कमी उतरते आणि सायकलस्वार कमी दमतो.

मोठे चाक वेग घ्यायला मंद असते, ही तक्रार मात्र अर्धवट खरी आहे. समान वेगाला मोठे चाक सावकाश फिरत असल्यामुळे रिमच्या फिरण्यातली ऊर्जा त्रिज्येवर अवलंबून राहत नाही, फक्त वस्तुमानावर राहते. मंदपणा येतो तो रिम, टायर आणि स्पोक यांच्या वाढीव वजनामुळे. वळवताना होणारा विरोध मात्र त्रिज्येबरोबर खरोखरच वाढतो. शिवाय लांब स्पोकचे चाक आडव्या जोराला अधिक लवचीक होते. त्यावर उपाय म्हणून मागच्या हबची रुंदी १३५वरून १४८ मिलिमीटरपर्यंत नेण्यात आली.

सायकल कशी चालते हे ठरवणारा याहून मोठा बदल फ्रेममध्ये झाला. १९९०च्या दशकातल्या सायकलीचा पुढचा चिमटा जमिनीशी सुमारे ७१ अंशांच्या कोनात उभा असे, स्टेम (हँडल चिमट्याला जोडणारा आडवा तुकडा) १२० ते १५० मिलिमीटर लांब आणि हँडल जेमतेम ५६० ते ६०० मिलिमीटर रुंद असे. आजच्या डोंगरवाटांच्या सायकलीत हा कोन ६४ ते ६६ अंश, स्टेम ३५ ते ५० आणि हँडल ७६० ते ८०० मिलिमीटर असते. चोर्ला घाटाच्या परिसरातल्या एखाद्या उभ्या कच्च्या उतारावर जुन्या सायकलीवर शरीराचा भार पुढच्या चाकावर झुकतो आणि तोल सांभाळण्यासाठी सीटच्या मागे सरकावे लागते. नव्या सायकलीवर दोन चाकांच्या मधोमध निर्धास्त उभे राहता येते. हा विश्वास मुख्यतः कोनांनी दिलेला आहे. उलट, दिवाडी बेटावरच्या हातभर रुंदीच्या बांधावर, एका बाजूला मानस (खाजनातले पाणी आत-बाहेर सोडण्याचे दार) आणि दुसऱ्या बाजूला चिखल असताना, अरुंद हँडलची चपळ जुनी सायकल आजही अधिक सोयीची आहे. गर्दीच्या गावरस्त्यावरही तेच म्हणावे लागेल.

गोव्यात जुन्या सायकलीची खरी कसोटी पावसाळ्यात लागते. तिचे कँटिलिव्हर ब्रेक किंवा १९९६ पासून आलेले व्ही-ब्रेक रिमच्या कडेलाच धरतात. जुलैत तांबड्या मातीच्या वाटेने उतरताना ती कड चिखलाने माखते, ब्रेकच्या रबरात खरखरीत कण रुततात आणि प्रत्येक वेळी ब्रेक दाबला की करकर आवाज करीत ॲल्युमिनियम घासले जाते. अशा सायकलीच्या रिमवर नख आडवे फिरवले तर कडेचा खोलगटपणा सहज जाणवतो. तो वाढत गेला की टायरमधल्या हवेच्या दाबाने रिमची भिंत फाटते. डिस्क ब्रेकमध्ये ही झीज हबजवळच्या स्वस्त, बदलता येणाऱ्या चकतीवर जाते. इथल्या पावसात फक्त हा एक फरकही नव्या सायकलीकडे वळण्यास पुरेसे कारण आहे.

जुन्या फ्रेमचे क्रोमोली (क्रोमियम व मॉलिब्डेनम मिसळलेले) पोलाद मजबूत व सहज सांधता येणारे असते, पण खाऱ्या, दमट हवेत ते आतून गंजते. पोलादी नळीत ॲल्युमिनियमचा सीटपोस्ट ग्रीसशिवाय बसवला तर दोन धातूंमधल्या विद्युतरासायनिक क्षरणाने तो जागीच घट्ट धरतो आणि पुढे काढताना फ्रेमच निकामी होऊ शकते. म्हणून पावसाळ्याआधी तो बाहेर काढून, पुसून, ग्रीस लावून बसवावा. जुन्या फ्रेममध्ये २७.५ इंची चाक घालण्याचा मोह अनेकांना होतो. रिमची कड साडेबारा मिलिमीटर वर गेल्याने मूळ ब्रेक तिच्यापर्यंत पोहोचत नाहीत, आणि डिस्कसाठी बैठक नसेल तर हा बेत तिथेच थांबतो.

सुट्या भागांच्या बाबतीत मात्र जुन्या आकाराचे पारडे जड आहे. भारतातल्या स्वस्त गिअरवाल्या आणि बिनगिअरच्या सायकलींत २६ इंची चाक अजून चालू असल्यामुळे त्याचा साधा टायर व ट्यूब डिचोली, फोंडा, काणकोण अशा गावांतल्या सायकल दुकानांतही मिळण्यासारखी असते. ट्यूबलेस टायरात ओतायचे द्रव, बारा गिअरांची चेन किंवा रुंद हबचा स्पोक हवा असेल तर मडगाव-पणजीचे मोठे दुकान गाठावे लागते किंवा तो माल बाहेरून मागवावा लागतो.