अंतरा येतो तेव्हा : गाजलेलं गाणं आणि चांगलं गाणं

नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका लॉन्सवर हळदीचा कार्यक्रम होता. मी वाद्यवृंदात कीबोर्ड वाजवतो आणि आमच्याकडे फर्माइशी अजून चिठ्ठीवरच येतात. त्या रात्री एकाच गाण्याच्या अकरा चिठ्ठ्या आल्या. महिनाभर ज्याच्या-त्याच्या मोबाइलवर तेच वाजत होतं. ऑक्टोपॅडवाल्याने ठेका धरला, मुखडा सुरू झाला आणि मांडव उसळला. शाळकरी पोरांपासून नवरीच्या आत्यापर्यंत सगळ्यांना ती ओळ आणि त्या ओळीवर हात कसा वर करायचा ते पाठ होतं.

मग अंतरा आला आणि नाच थांबला. लोक नुसते उभे राहून एकमेकांकडे बघायला लागले. अंतरा कुणी ऐकलेलाच नव्हता. आमच्या गायिकेच्या ते लगेच लक्षात आलं. तिने अंतरा अर्ध्यावर सोडून पुन्हा मुखडा घेतला आणि मांडव पुन्हा हलला. ते गाणं आम्ही त्या रात्री चार वेळा वाजवलं, चारही वेळा नुसता मुखडा.

दहाला आवाज बंद करावा लागतो. त्याआधी दहा मिनिटं, एका आजोबांच्या चिठ्ठीवरून आम्ही एक जुनं लोकगीत घेतलं. त्याचे तिन्ही अंतरे मांडवातल्या बायकांनी आमच्या गायिकेच्या आधीच उचलले. त्यातल्या निम्म्यांचा जन्मही ते गाणं आलं तेव्हा झालेला नसेल.

गाजलेलं गाणं आणि चांगलं गाणं यांतला फरक मी त्या रात्रीपासून असाच बघतो. आपण ‘हिट आहे’ म्हणतो तेव्हा दोन वेगळ्या गोष्टी एका श्वासात बोलून जातो. गाणं किती कानांपर्यंत पोहोचलं ही एक, आणि पोहोचल्यावर त्या कानात काय झालं ही दुसरी. पहिली मोजता येते, म्हणून तिचेच आकडे आपल्यासमोर येतात, आणि मग तेच आकडे दुसऱ्या गोष्टीचा पुरावा म्हणून दाखवले जातात.

उलटी चूकही तितकीच होते. माझ्याकडे पेटी शिकायला येणाऱ्या मुलांच्या पालकांकडून मी ती नेहमी ऐकतो : ज्या अर्थी एवढं गाजतंय, त्या अर्थी टुकारच असणार. हे म्हणणाऱ्याने गाणं ऐकलेलं नसतं, त्याने फक्त गर्दी बघितलेली असते. आकड्यावरून गाणं डोक्यावर घेणारा आणि आकड्यावरूनच गाणं नाकारणारा, दोघांनीही कान वापरलेला नसतो.

आधी पोहोचवण्याचं बघू. पैसे देऊन गाणं वाजवून घेणं हे रीलबरोबर आलेलं नाही. अमेरिकेत १९५० च्या दशकात रेकॉर्ड कंपन्या रेडिओवरच्या निवेदकांना पैसे द्यायच्या आणि त्या बदल्यात त्यांच्या तबकड्या दिवसभर फिरायच्या. याला ‘पेओला’ म्हणायचे. त्यावर तिथल्या संसदेत चौकशी झाली, ॲलन फ्रीडसारख्या नावाजलेल्या निवेदकाची कारकीर्द त्यात संपली, आणि पैसे घेतल्याचं श्रोत्यांना न सांगता गाणं वाजवणं १९६० मध्ये कायद्याने गुन्हा ठरलं. तरी २००५ मध्ये सोनी बीएमजीला न्यूयॉर्क राज्याशी अशाच प्रकरणात १ कोटी डॉलर देऊन तडजोड करावी लागली.

आपल्याकडे १९५२ मध्ये श्रीलंकेच्या रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. अमीन सायानींचा आवाज, बुधवारची रात्र आणि गाण्यांची ‘पायदानं’, म्हणजे क्रमांक, हे सगळं ज्या घरांत रेडिओ होता तिथे अजून आठवणीत आहे. क्रमवारी रेकॉर्डच्या विक्रीवरून आणि श्रोता संघांच्या पसंतीवरून ठरायची. म्हणजे गाण्यांची क्रमवारी देशाला सांगणारा कार्यक्रम मुळात बिनाका या टूथपेस्टची जाहिरात होता, आणि तरीही त्यातून पुढे आलेली कितीतरी गाणी आजही आमच्या चिठ्ठ्यांत असतात. जाहिरातीतून आलं म्हणून गाणं बाटत नाही, हे मी इथून शिकलो.

आता यंत्रणा बदलली. स्पॉटिफायवर गाणं ३० सेकंद वाजलं की एक स्ट्रीम धरला जातो, म्हणून सुरुवातीचं संगीत आखडत गेलं आणि मुखडा दाराशीच येऊन उभा राहिला. तिथे ‘डिस्कव्हरी मोड’ नावाची सोय आहे : कलाकाराने किंवा कंपनीने ठरावीक गाणी त्यात टाकायची, ती आपोआप लागणाऱ्या गाण्यांत जास्त वेळा पुढे येतात, आणि त्या वाजण्यावरच्या मानधनातला ३० टक्के हिस्सा स्पॉटिफाय ठेवून घेतं. यूट्यूबवर तर गाण्याचा व्हिडिओच जाहिरात म्हणून चालवता येतो. पहिल्या चोवीस तासांचे विक्रम त्यातून व्हायला लागल्यावर सप्टेंबर २०१९ मध्ये यूट्यूबने नियम बदलला आणि जाहिरातीतून मिळालेले व्ह्यूज म्युझिक चार्टमध्ये आणि त्या विक्रमांत धरणं बंद केलं. पैसे देऊन गाणं दाखवणं बेकायदा नाही. पण ‘चोवीस तासांत इतके कोटी’ ही ओळ वाचताना त्या कोटींतले किती जण स्वतःहून आले, हे त्या ओळीत कुठेच लिहिलेलं नसतं.

मग गुण म्हणजे काय? इथे मी थोडा थांबतो, कारण हा माझा रोजचा विषय आहे.

लोकप्रिय गाण्यातला गुण म्हणजे रागदारी नव्हे आणि अवघडपणाही नव्हे. मुखडा ऐकणाऱ्याला एका जागी आणून बसवतो. अंतऱ्याने त्याला तिथून उठवायचं, जरा वरच्या पट्टीत किंवा वेगळ्या वळणावर न्यायचं आणि परत मुखड्यावर असं आणून सोडायचं की तीच ओळ आता वेगळी लागते. बांधलेल्या अंतऱ्यात परत येण्याची ती जागा हाताला कळते. मी कीबोर्डवर असतो, शब्द ऐकू येत नसले तरी बोटं आपोआप खाली येतात. न बांधलेल्या अंतऱ्यात नुसता वेळ काढलेला असतो आणि मुखडा कुठूनही चिकटवला तरी चालतो.

दुसरी गोष्ट शब्दांची. मराठीत ऱ्हस्व-दीर्घ कानाला लगेच कळतं. दीर्घ अक्षराला तोकडा स्वर दिला की ओळ टोचते, आणि गायकाला श्वास शब्दाच्या मधे घ्यावा लागला की अर्थ तुटतो. हे ऐकणाऱ्याला सांगता येत नाही, पण ते गाणं तो घरी जाताना गुणगुणत नाही. म्हणून नवं गाणं बसवताना मी आधी सगळे आवाज बंद करतो आणि नुसत्या पेटीवर चाल वाजवून बघतो.

ही कसोटी सगळ्याच गाण्यांना लावली तर अन्याय होईल. नाचायच्या गाण्याचा गुण ठेक्यात असतो, तो पेटीवर सापडणार नाही. नाशिक ढोलच घ्या. त्यात चाल नाही, शब्द नाहीत, आणि तरी तो पार केरळात आणि मंगळूरकडे मिरवणुकांत ‘नाशिक ढोल’ याच नावाने वाजतो. वाकडी बारवेपासून विसर्जन मिरवणूक निघते तेव्हा त्या टोलावर पावलं का थांबत नाहीत, हे ज्याने अनुभवलंय त्याला गुण समजावून सांगावा लागत नाही. आणि दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी असू शकतात. २०१६ च्या ‘सैराट’च्या मागे मोठी कंपनी होती आणि जोरदार प्रसिद्धीही होती. पण अजय-अतुल यांनी त्यातला वाद्यमेळ हॉलिवूडमध्ये जाऊन सिम्फनी वाद्यवृंदाकडून वाजवून घेतला होता, आणि आजही वरातीत त्यातल्या गाण्यांचे अंतरे लोक आमच्या आधी म्हणतात.

प्रसिद्धी आणि गुण यांतलं नातं नेमकं किती घट्ट, हे तपासणारा एक प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. कोलंबिया विद्यापीठातल्या सॅल्गॅनिक, डॉड्स आणि वॉट्स यांनी तो २००६ मध्ये प्रसिद्ध केला. अनोळखी बँडची ४८ गाणी त्यांनी १४ हजारांहून जास्त लोकांसमोर ठेवली. एका गटाला नुसती गाणी दिसत होती. बाकीचे लोक आठ वेगवेगळ्या ‘जगांत’ वाटलेले होते आणि त्यांना आपल्या जगात कुठलं गाणं किती जणांनी उतरवून घेतलं ते दिसत होतं. एकाच गाण्याला एका जगात पहिला नंबर मिळाला आणि दुसऱ्या जगात चाळिसावा. गाणं तेच होतं, फक्त सुरुवातीला त्याच्याकडे कोण वळलं ते वेगळं होतं. पण नुसती गाणी ऐकणाऱ्या गटात सगळ्यात चांगली ठरलेली गाणी क्वचितच तळाला गेली आणि सगळ्यात वाईट क्वचितच वर आली. म्हणजे नशीब आणि गर्दी यांचं राज्य मधल्या मोठ्या पट्ट्यात चालतं, आणि आपण रोज ऐकतो ती बहुतेक गाणी त्याच पट्ट्यातली असतात.

गुण असून पोहोच नसली तर काय होतं याचं उदाहरण इंग्लंडच्या निक ड्रेकचं. १९६९ ते १९७२ या काळात त्याचे तीन अल्बम आले, एकही त्याच्या हयातीत धड पाच हजार खपला नाही, आणि १९७४ मध्ये २६ व्या वर्षी तो गेला. पुढे पंचवीस वर्षांनी फोक्सवॅगनच्या एका मोटारीच्या जाहिरातीत त्याचं गाणं वाजलं आणि लोक दुकानांत त्याचे अल्बम मागायला लागले. उलट बाजूला २०१४ मध्ये ॲपलने यू-टू या बँडचा नवा अल्बम ५० कोटी आयट्यून्स खात्यांत न मागता फुकट टाकला. याच्यापेक्षा मोठी पोहोच कुठली असणार? लोक इतके चिडले की तो काढून टाकायची वेगळी सोय ॲपलला द्यावी लागली.

गुण वरून ठरवून देण्याचा प्रयत्नही आपल्याकडे झालेला आहे. १९५२ मध्ये बाळकृष्ण केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले. माणूस मराठी, शास्त्रीय संगीतावर मनापासून जीव असलेला. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली. श्रोत्यांनी काटा फिरवून सिलोन लावलं. शेवटी १९५७ मध्ये विविध भारती सुरू करावी लागली. केसकरांचा हेतू मला चुकीचा वाटत नाही. चांगलं संगीत लोकांच्या कानावर पडावं हे बरोबरच होतं, पण त्यासाठी दुसरं बंद करायची गरज नव्हती.

विष्णु दिगंबर पलुसकरांनी तेच काम दुसऱ्या वाटेने केलं. त्यांनी तिकीट लावून जाहीर मैफली केल्या, १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, संगीताची पुस्तकं स्वतः छापली, आणि पुढे नाशिकला येऊन रामनाम आधार आश्रम चालवला. दरबारातलं गाणं त्यांनी बाजारपेठेत आणलं आणि ते करताना गाणं पातळ होऊ दिलं नाही. आंबेडकरी लोककवी वामनदादा कर्डक आपल्याच जिल्ह्यातले, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. त्यांची गाणी गावोगावच्या जलशांतून आणि जयंतीच्या स्टेजवरून पसरली, एका गायकाने दुसऱ्याकडून उतरवून घेतलेल्या वह्यांतून. तीही पोहोचच होती, फक्त ती विकत घेतलेली नव्हती.

एक अडचण मात्र मान्य केली पाहिजे. रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये दाखवून दिलं की एखादी गोष्ट नुसती पुन्हा पुन्हा समोर आली तरी ती आवडायला लागते. म्हणजे पैसे ओतून गाणं पन्नास वेळा कानावर घातलं तर थोडी आवडही विकत घेता येते. त्या क्षणी ऐकणाऱ्याला स्वतःलाही कळत नाही की हे गाणं आपल्याला आवडलंय की फक्त ओळखीचं झालंय. म्हणून गाणं तापलेलं असताना मी त्याच्याबद्दल मत देत नाही. ढकलणारा हात बाजूला झाला की बघतो. आमच्या चिठ्ठ्या मी एका डब्यात ठेवतो. त्या हळदीतल्या अकरा चिठ्ठ्यांचं गाणं पुढच्या लग्नसराईत एकदाही आलं नाही.

सिडकोतली एक मुलगी माझ्याकडे पेटी शिकते. तिने स्वतः लिहून, चाल लावून एक मराठी गाणं रेकॉर्ड केलं आणि यूट्यूबवर टाकलं. दोनशे बारा व्ह्यूज झाले. मग एका प्रमोशनवाल्याने तिच्याकडून आठ हजार रुपये घेतले आणि आठवड्यात चाळीस हजार व्ह्यूज आणून दिले. ती रडवेली होऊन आली. “दादा, चाळीस हजार लोकांनी ऐकलं आणि एकाने पण गाण्याबद्दल काही लिहिलं नाही. इतकं वाईट आहे का?”

आम्ही तिचा यूट्यूब स्टुडिओ, म्हणजे व्हिडिओचे आकडे दाखवणारं पान, उघडलं. व्हिडिओ पाहण्याचा सरासरी वेळ सहा सेकंद. बहुतेक व्ह्यूज अशा देशांतून आलेले, जिथे मराठी कुणाला कळायची शक्यता नाही. मुखडा सुरू व्हायलाच तिच्या गाण्यात चौदा सेकंद लागतात. मी तिला सांगितलं, “हे चाळीस हजार बाजूला ठेव. तुझं गाणं अजून दोनशे बारा जणांनीच ऐकलंय, आणि त्यातल्या निम्म्यांनी ते शेवटपर्यंत ऐकलंय. हा आकडा मी खरा धरतो.” मग तिला पेटीवर गाणं म्हणायला लावलं. मुखडा साधा होता. अंतऱ्याच्या दुसऱ्या ओळीत तिने कोमल निषाद, म्हणजे जरा उतरलेला ‘नी’, असा घेतला होता की मी पुन्हा म्हणायला सांगितलं.

आम्ही तिला एका कॉलेजच्या स्नेहसंमेलनात आमच्या कार्यक्रमात पाच मिनिटं दिली. टाळ्या बऱ्या पडल्या, वन्स मोअर वगैरे काही आला नाही. तीन दिवसांनी द्वारका चौकाजवळ टेम्पोत सामान चढवत होतो. स्पीकरची एक बाजू धरून आमचा ऑक्टोपॅडवाला काहीतरी गुणगुणत होता. ऐकलं तर तिचा अंतरा. दुसऱ्या ओळीतला निषाद तो शुद्ध घेत होता. मी त्याला थांबवून कोमल म्हणून दाखवला, आणि मग स्पीकर वर चढवला.