ठिसूळ हाडांचा पुनर्भंग व त्याचा प्रतिबंध

उतारवयात किरकोळ पडण्याने एकदा हाड मोडल्यावर पुन्हा तशी वेळ येऊ नये म्हणून केले जाणारे निदान, औषधोपचार आणि पडण्यापासूनचा बचाव. चालता-चालता किंवा उभ्या उभ्या पडल्याने निरोगी हाड सहसा मोडत नाही. ते मोडले, तर मुळाशी बहुधा अस्थिसुषिरता, म्हणजेच हाडे विरळ व ठिसूळ करणारा ऑस्टिओपोरोसिस असतो. मनगट, पाठीचे मणके, दंडाचे वरचे टोक आणि खुबा ही अशा भंगाची नेहमीची ठिकाणे होत.

एक भंग झालेल्या व्यक्तीला पुढच्या भंगाचा धोका समवयस्कांच्या सुमारे दुप्पट असतो आणि पहिल्या दोन वर्षांत तो सर्वाधिक असतो. मणक्याचा नवा भंग झालेल्या स्त्रियांपैकी साधारण पाचांत एकीचा दुसरा मणका वर्षाच्या आतच दबतो, असे २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. खुबा मोडून आलेल्या रुग्णांची पूर्वपीठिका विचारली, तर जवळपास निम्म्यांचे एखादे हाड आधी मोडलेले असते. खुब्याच्या भंगानंतर दर चार-पाच रुग्णांमागे एक वर्षभरात दगावतो. मनगट मोडले तेव्हाच उपचार सुरू झाले असते, तर यांतले कितीतरी भंग टळले असते.

तरीही बहुसंख्य रुग्णांना ते उपचार मिळत नाहीत. शल्यचिकित्सक हाड बसवतो, प्लास्टर निघते आणि प्रकरण संपले असे सर्वांना वाटते. हाडाच्या आजाराकडे नेहमीचे डॉक्टर पाहतील असे शल्यचिकित्सक धरून चालतो, तर नेहमीच्या डॉक्टरांना ते शल्यचिकित्सकाचे काम वाटते. ‘पाय घसरला म्हणून मोडले’ एवढ्यावर घरच्यांचेही समाधान होते. मणक्याचे भंग तर दोन-तृतीयांश वेळा ओळखलेच जात नाहीत. उंची कमी होणे, पोक येणे, पाठ दुखत राहणे या खुणा वयाच्या खात्यावर टाकल्या जातात.

ही त्रुटी भरून काढण्यासाठी १९९९ मध्ये स्कॉटलंडमधील ग्लासगो येथे एक सेवा उभी राहिली. भंग झालेल्या पन्नाशीपुढच्या प्रत्येक रुग्णाला शोधून त्याची तपासणी, उपचार आणि पाठपुरावा एकाच समन्वयकाकडे, बहुधा प्रशिक्षित परिचारिकेकडे, सोपवला गेला. इंटरनॅशनल ऑस्टिओपोरोसिस फाउंडेशन २०१२ पासून या पद्धतीचा जगभर प्रसार करत आहे. औषधे हाताशी असूनही ती रुग्णापर्यंत पोहोचत नव्हती. म्हणून या व्यवस्थेचे मोल एखाद्या नव्या औषधाइतकेच मानावे लागेल.

हाडांची घनता डेक्सा या क्ष-किरण तपासणीने मोजतात. टी-स्कोअर, म्हणजे निरोगी तरुणांच्या सरासरी घनतेशी तुलना करणारा आकडा, उणे २.५ किंवा त्याहून खाली असल्यास ऑस्टिओपोरोसिसचे निदान होते. मात्र खुबा किंवा मणका किरकोळ इजेने मोडला असेल, तर आकडा त्यापेक्षा बरा आला तरी उपचाराची गरज उरतेच. थायरॉइड व पॅराथायरॉइड ग्रंथींचे विकार, मूत्रपिंडाचे आजार, मायलोमा (अस्थिमज्जेचा कर्करोग) आणि स्टेरॉइडचा दीर्घ वापर ही कारणेही तपासावी लागतात.

कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या सुरू केल्या म्हणजे हाडांचा उपचार झाला, हा समज घातक आहे. त्या आवश्यक असल्या तरी झालेल्या भंगानंतर एकट्याने पुरत नाहीत. अ‍ॅलेंड्रोनेट, रायसेड्रोनेट, झोलेड्रोनिक आम्ल ही औषधे हाडांची झीज रोखतात. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर ९० दिवसांच्या आत सुरू करून वर्षातून एकदा शिरेतून दिलेल्या झोलेड्रोनिक आम्लाने नवे भंग ३५ टक्क्यांनी आणि मृत्यू २८ टक्क्यांनी घटल्याचे २००७ च्या चाचणीत दिसले. धोका फार मोठा असेल, तर टेरिपॅराटाइड किंवा रोमोसोझुमॅब हे हाड घडवणारे औषध आधी देतात आणि मिळवलेली घनता टिकवण्यासाठी त्यामागून झीज रोखणारे औषध देतात. हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात नुकताच येऊन गेलेल्यांना रोमोसोझुमॅब टाळतात.

बहुतेक भंगांआधी माणूस पडलेला असतो. म्हणून झोपेच्या गोळ्या आणि उभे राहताच रक्तदाब उतरवणारी औषधे पुन्हा तपासावी लागतात, मोतीबिंदू काढावा लागतो, घरातला उजेड वाढवून न्हाणीघरात धरायला कडी बसवावी लागते. पायांचे बळ आणि तोल वाढवणारा नियमित व्यायाम पडण्याचे प्रमाण खात्रीने कमी करतो. मोडण्याच्या भीतीने खुर्चीला खिळून राहिल्यास स्नायू आणि हाडे दोन्ही आणखी दुबळी होतात.

जबड्याचे हाड मरणे किंवा मांडीच्या हाडाचा विचित्र भंग हे झीज रोखणाऱ्या औषधांचे दुष्परिणाम विरळ आहेत, पण त्यांच्या धास्तीने अनेक जण उपचार परस्पर सोडतात. अ‍ॅलेंड्रोनेट पाच आणि झोलेड्रोनिक आम्ल तीन वर्षांनंतर थांबवता येईल का, हे डॉक्टर धोका पाहून ठरवतात. दर सहा महिन्यांनी टोचायच्या डेनोसुमॅब या झीज रोखणाऱ्या औषधाला ही सवलत नाही. ते थांबवल्यावर किंवा मात्रा फार लांबल्यावर झीज उसळून येते आणि एकाच वेळी अनेक मणके मोडू शकतात. त्यामुळे ते बंद करायचेच असेल, तर त्याच्या जागी दुसरे औषध वेळेवर सुरू करावे लागते.